निकड आकार

एरंडोलच्या पुढं हायवेला लागून असलेल्या चार्जिंग स्टेशनवर हेमराज फिरके चार्जिंगच्या गनची मूठ धरून उभा होता. मागं केळीनं भरलेला ट्रक होता. ट्रकचा ड्रायव्हर नशीर तडवी बाजूला उभा राहून मुठीवरच्या छोट्या पडद्याकडं बघत होता. पडद्यानं अर्धं मिनिट घेतलं आणि मग अक्षरं आली : 'निकड बेचाळीस. तिसरा टप्पा.'

"तिसरा," नशीर म्हणाला. "मागच्या खेपेला दुसरा होता, काका."

"दिसतंय मला."

"दिसतंय हो. पण शेठला पण दिसतंय ना सावद्यात बसून."

फोन आलाच. लीलाधर नारखेडे हा ट्रकचा मालक. वयानं हेमराजपेक्षा बराच लहान, बोलायला गोड.

"काका, तब्येत कशी आहे?"

"बरी आहे."

"तेच विचारतोय. झोप वगैरे लागते का?"

"लागते आता."

"अरे देवा," नारखेडे म्हणाला. "आणि जेवण?"

"जेवलो आत्ताच."

"काका, मी काय तुम्हाला उपाशी राहा म्हणत नाही. पण तिसऱ्या टप्प्यात माझा ट्रक रांगेत सातवा आहे. वाशीला केळी काळी पडून पोचली तर व्यापारी मला विचारणार, तुमच्या जेवणाला नाही विचारणार. जरा बघा. फोटोबिटो आहे ना मोबाइलमध्ये?"

हेमराजनं फोन बंद केला. नशीरनं ट्रक सातव्या जागी लावला आणि दोघं कठड्यावर बसले.

हा सगळा प्रकार काय होता ते नीट सांगायला हवं, कारण ज्यांनी तो सुरू केला त्यांनी कधी नीट सांगितला नाही. त्यांनी राजपत्रात छापला आणि विषय संपवला.

वीज ज्या क्षणी लागते त्याच क्षणी, तेवढीच तयार व्हावी लागते. साठवायला मोठमोठ्या बॅटऱ्या आल्या होत्या, पण त्या घरांना आणि पाणीपुरवठ्याला पुरतानाच मारामार होती. मागणी थोडी जास्त झाली की सगळ्या तारांमधल्या विजेचा ठेका मंदावतो. फार मंदावला तर यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी जिल्हेच्या जिल्हे बंद करते. राज्यातल्या सगळ्या गाड्या विजेवर गेल्या आणि रोज संध्याकाळी हेच संकट येऊ लागलं. ऊन उतरलं की सौर वीज संपायची, आणि नेमक्या त्याच वेळी दिवसभर पळालेल्या गाड्या स्टेशनांवर येऊन उभ्या राहायच्या. सगळ्यांना एकदम देता येत नव्हतं. कुणाला तरी थांबवायला लागणार होतं. प्रश्न एवढाच होता की कुणाला.

आधी उत्तर पैशाचं होतं. संध्याकाळी दर वाढवायचा, ज्याला परवडेल तो भरेल. त्यातून असं झालं की कारखान्यांचे ट्रक पुढं गेले आणि दवाखान्यात निघालेल्या रिक्षा मागं राहिल्या. दोन-तीन ठिकाणी लोकांनी स्टेशनं फोडली. तेव्हा राज्यानं चार्जिंग दर आयोग नेमला. आयोगानं ठरवलं की दर पैशावर नाही, गरजेवर ठरेल. ज्याची गरज मोठी त्याला दर कमी आणि नंबर आधी. मग स्टेशनवर एक खिडकी आली आणि तिथं प्रत्येकाला कारण विचारायला सुरुवात झाली. त्या वर्षी महाराष्ट्रातल्या निम्म्या लोकांच्या आया एकाच वेळी दवाखान्यात होत्या. खिडकी बंद झाली.

त्यानंतर पुण्याच्या डॉ. वृंदा कारखानीस यांनी आयोगाला मार्ग दाखवला. त्या शरीरशास्त्राच्या संशोधक. त्यांचं म्हणणं सोपं होतं : माणूस खोटं बोलतो, शरीर बोलत नाही. निवांत माणसाच्या हृदयाचे ठोके अगदी समान अंतरानं पडत नाहीत. श्वासाबरोबर ते अंतर किंचित कमीजास्त होत असतं. काळजीनं घेरलं की ही सैल चाल जाते आणि ठोके एकसारखे, घट्ट पडू लागतात. शिवाय ताणाखाली शरीर एक द्रव्य सोडतं, ते तळव्याच्या घामात उतरतं. डोळ्यांतून पाणी काढता येतं, पण हे द्रव्य ठरवून काढता येत नाही. गनच्या मुठीत या दोन्ही गोष्टी मोजायची सोय करता येते. दोन्हींवरून शून्य ते शंभर असा एक आकडा निघतो. त्याला आयोगानं 'निकड' नाव दिलं, त्याचे पाच टप्पे पाडले, सगळ्यात मोठ्या निकडीचा तो पहिला, आणि वीजबिलात स्थिर आकार, वहन आकार यांच्या खाली आणखी एक ओळ आली : निकड आकार. पहिल्या टप्प्याला सगळ्यात कमी, पाचव्याला सगळ्यात जास्त.

कल्पना वाईट नव्हती. पहिलं वर्षभर तर लोक आयोगाला दुवा देत होते.

मग वाहतूकवाल्यांनी नियम वाचला. मूठ धरणारा हात गाडीतून प्रवास करणाऱ्या माणसाचा हवा, एवढंच त्यात लिहिलं होतं. तो ड्रायव्हर असावा असं कुठंही नव्हतं. महिन्याभरात ट्रकांमध्ये ड्रायव्हरशेजारी एक माणूस बसू लागला. त्याचं काम एकच, स्टेशन आलं की उतरून मूठ धरायची. त्याला हातवाला म्हणू लागले. हातवाला जितका दुःखी, तितका मालकाचा फायदा. सुरुवातीला कोर्टकचेरीत अडकलेली माणसं घेतली, परीक्षेत नापास झालेली पोरं घेतली, पण त्यांची निकड टिकत नसे. घरातलं माणूस नुकतंच गेलंय असा हात सगळ्यात चांगला, हे लवकरच सगळ्यांना कळलं. तापीच्या घाटावर दहाव्याला न्हावी आणि भटजी असायचे, आता वाहतूकवाल्यांचे एजंटही असायचे. कावळ्याची वाट बघत लोक उभे असताना ते हळूच कार्ड द्यायचे. बोलायचे मात्र व्यवस्थित, नमस्कार करून.

हेमराजला कार्ड मिळालं ते रंजनाच्या दहाव्याला.

रंजना त्याची बायको. हेमराज केळी पिकवायच्या चेंबरवर कामाला होता. ती गेली त्या दिवशी दुपारी तिच्या छातीत जळजळायला लागलं. ती म्हणाली, पित्त झालंय. सावद्याच्या डॉक्टरनं जळगावला दाखवून या म्हणून सांगितलं. हेमराजनं छोटी गाडी काढली. भुसावळच्या अलीकडं बॅटरी उतरली, म्हणून तो स्टेशनात शिरला.

"अहो, आधी चहा घ्या," रंजना म्हणाली. "सकाळपासून चहा नाही तुमचा. मला काही होत नाही."

"दुखतंय का?"

"तुमच्या गाडी चालवण्यानं दुखतंय."

तो हसला आणि उतरून मूठ धरली. निकड अठरा, पाचवा टप्पा. पुढं ट्रकांची रांग होती, प्रत्येकासमोर एकेक हातवाला मान खाली घालून उभा. हेमराजनं दोन चहा आणले. रंजनानं तिचा अर्धा पिऊन त्याला दिला. नंतर ती डोळे मिटून बसली. झोपली असेल असं वाटून त्यानं रेडिओ बारीक केला. त्याचा नंबर आला तेव्हा ती उठली नाही.

दहाव्यानंतर त्याला घरात बसवेना. चेंबरवर तर त्याहून नको वाटायचं, कारण डबा घेऊन ती तिथंच यायची. खिशात कार्ड होतं. रस्त्यावर राहता येईल एवढाच विचार करून तो नारखेड्याकडं गेला. तिथं मुठीवर त्याची निकड एक्याण्णव आली. नारखेड्यानं चहा मागवला आणि म्हणाला, "काका, तुम्ही आमच्या घरचेच."

आता ती बेचाळीसवर आली होती. याचं कारण हेमराजला कळत होतं आणि त्याचाच त्याला राग यायचा. त्याच दिवशी दुपारी जळगावच्या ढाब्यावर त्यानं भरीत खाल्लं होतं आणि वर मिरची मागून घेतली होती. नशीरनं आपल्या सासऱ्याची काहीतरी गंमत सांगितली, त्यावर तो हसलाही. ट्रकमध्ये बसल्यावर लक्षात आलं की सकाळपासून रंजनाची आठवण आली नाही. माणूस सावरतो, सगळेच सावरतात. पण शेजारचा ड्रायव्हर, सावद्यातला मालक आणि रांगेतले चाळीस अनोळखी लोक यांना ते आकड्यात दिसायचं काही कारण नव्हतं.

"काका, एक सांगू?" नशीर कठड्यावरून म्हणाला. "तुम्ही बरे होताय ते चांगलं आहे. शेठ जाऊ दे खड्ड्यात."

"तो खड्ड्यात गेला तर तुझा पगार कोण देईल?"

"हां, ते पण आहे. मग थोडे थोडे बरे व्हा."

त्याच स्टेशनच्या फळ्यावर आयोगाची सूचना लागली होती. वाणिज्यिक चार्जिंग स्टेशनांच्या दरांचा फेरविचार होणार, जळगावला जाहीर सुनावणी, ग्राहकांनी हरकती मांडाव्यात. हेमराजनं ती दोनदा वाचली. त्याला बरेच दिवस कुणाला तरी एक गोष्ट सांगायची होती. त्याला एवढंच म्हणायचं होतं की त्या दिवशी कुणी विचारलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं की गाडीत बायको आजारी आहे. कुणी विचारलंच नाही. मुठीनं त्याचा हात बघितला आणि त्याला शेवटी टाकलं. पुढं कुणाची बायको गाडीत बसून असं जायला नको. निदान विचारा तरी.

त्यानं नारखेड्याकडं सुट्टी मागितली. नारखेड्याला सगळं आधीच कळलेलं होतं.

"आपल्याच धंद्याविरुद्ध बोलणार, काका?"

"धंद्याविरुद्ध नाही. झालं ते सांगणार."

नारखेड्यानं जरा विचार केला. "जा मग. सगळं पहिल्यापासून सांगा, काही सोडू नका. तेवढंच आठवेल. टप्पा सुधारेल."

सुनावणीचा हॉल भरलेला होता आणि माईक शिट्ट्या मारत होता. वाहतूकदार संघटनेचे वकील जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलले. वाणिज्यिक ग्राहक आणि घरगुती ग्राहक यांच्यात निकडीच्या बाबतीत भेद करणं हे समानतेच्या तत्त्वाला धरून नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे हातवाले चालू ठेवा. त्यांना कुणी थांबवलं नाही. हेमराजचा नंबर आला तेव्हा आयोगाचे अध्यक्ष घड्याळ बघत होते.

"लेखी दिलंय?"

"तोंडी सांगतो, साहेब."

"कोणत्या कलमाबद्दल?"

"कलम माहीत नाही. माझी बायको रांगेत वारली."

हेमराजनं थोडक्यात सांगितलं. अध्यक्षांनी मान हलवली आणि विचारलं, "अत्यंत दुःखद. पण तुमची मागणी नक्की काय? दर कमी करावा की वाढवावा?"

"दराचं माझं काही म्हणणं नाही."

"ही दराची सुनावणी आहे."

"मग कारण विचारायची सुनावणी कुठं असते ते सांगा. मी तिथं जातो."

मागं काही लोक हसले. अध्यक्षांनी शेजारच्या सदस्याच्या कानात काहीतरी विचारलं. सदस्यानं खांदे उडवले. 'नोंद घेतली,' असं म्हणून त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

हेमराज बाहेर येऊन चहाच्या टेबलापाशी उभा राहिला. त्याला नुसता वैताग आला होता. एक साधी गोष्ट, दोन वाक्यांची, आणि ती ठेवायला या लोकांकडं जागा नव्हती. तेवढ्यात पांढरे केस बारीक कापलेल्या एक बाई कप घेऊन त्याच्याजवळ आल्या.

"मी वृंदा कारखानीस. मुठीचं यंत्र माझं आहे."

हेमराजनं त्यांच्याकडं बघितलं. त्याला वाटलं होतं कुणीतरी मोठी, कडक बाई असेल. या त्याच्या बहिणीसारख्या दिसत होत्या आणि थकलेल्या होत्या.

"मॅडम, तुमच्या यंत्रानं चूक केली."

"मला त्या दिवसाचा आकडा सांगाल?"

"अठरा."

"तुम्ही घाबरला होतात?"

"नाही."

"का नाही?"

"ती हसत होती ना. माझ्या गाडी चालवण्यावर बोलत होती."

डॉ. कारखानीस म्हणाल्या, "मग यंत्रानं चूक केली नाही, फिरके. निकड त्यांना होती आणि मूठ तुमच्या हातात होती. त्यांनी तुम्हाला शांत ठेवलं होतं. यंत्रानं तेच मोजलं."

"म्हणजे तिचं चुकलं?"

"मी असं म्हणत नाहीये."

"मग माझं?"

"अहो, नाही."

"मग कुणाचंच नाही. वा. आणि पुढं उभे होते त्यांचं काय? त्यांच्या ट्रकमध्ये सिमेंट होतं, मॅडम. सिमेंटला कसली निकड? आता मी स्वतः तेच करतो. माझी बायको मेली म्हणून केळ्यांना आधी वीज मिळते. यात काही अर्थ आहे का, तुम्हीच सांगा."

"यंत्र निकड किती ते सांगतं. कशाची ते सांगत नाही. ते मला पहिल्यापासून माहीत होतं."

"मग विचारा ना कशाची."

"विचारत होतोच की आधी. सगळे खोटं सांगायचे."

"सगळे नाही. जो खरं सांगणार होता त्याचं काय?" हेमराज म्हणाला. "मी म्हटलं असतं की बायको आजारी आहे. मी काय चेहऱ्यानं म्हणतोय ते सोडा. पण हे वाक्य मी तोंडानं उच्चारलं असतं ना, तर मला स्वतःलाच घाबरायला झालं असतं. आपण दवाखान्यात चाललोय हे मला त्या रांगेत कळलं असतं. विचारलं नाही म्हणून ते मला कळलंसुद्धा नाही."

डॉ. कारखानिसांनी कप खाली ठेवला.

"परत सांगा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"उच्चारलं असतं तर घाबरायला झालं असतं."

"झालंच असतं."

"आणि ते खोटं असतं, तर उच्चारून काही झालं नसतं." त्या आता त्याच्याशी बोलत नव्हत्या. "कारण ऐकवायचं आणि त्याच वेळी हात मोजायचा. खरं कारण असेल तर शरीर उठून उभं राहील. खोटं असेल तर ढिम्म. फिरके, तुम्ही फार मोठी गोष्ट सांगितलीत."

"मी एवढंच म्हणालो की विचारा."

"हो," त्या म्हणाल्या. "विचारू. नक्की विचारू." त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा गेला होता. त्या लगबगीनं आत गेल्या.

आयोगाच्या कामाला एरवी वर्षं लागतात. हा आदेश मात्र तीन महिन्यांत निघाला. त्याचं नाव 'कारण-पडताळणी'. गाडीत कुणी आजारी असेल तर मूठ धरताना तसं सांगायचं, की यंत्र तेच वाक्य मोठ्यानं परत ऐकवणार आणि हात मोजणार. वाणिज्यिक गाड्यांच्या हातवाल्यांनी आपलं कायमचं कारण एकदाच नोंदवायचं. ते मृत्यूच्या दाखल्याशी ताडून बघणार, आणि मग प्रत्येक स्टेशनवर यंत्र ते ऐकवणार. हातवाले बंद करावेत असं आदेशात कुठंही नव्हतं. उलट खोटे हातवाले यामुळं आपोआप गळतील, असं समाधान व्यक्त केलं होतं. आदेशाच्या शेवटी एका ओळीत लिहिलं होतं की जळगाव येथील सुनावणीत श्री. हेमराज फिरके यांनी मांडलेली सूचना आयोगानं मान्य केली आहे.

पद्धत चालली, हे सांगायलाच हवं. फैजपूरच्या रस्त्यावरच्या स्टेशनात हेमराजनं स्वतः एक प्रसंग बघितला. एक तरुण माणूस म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आला होता, गप्पा मारत, अगदी आरामात. त्यानं मूठ धरून सांगितलं. यंत्र स्वच्छ, गोड आवाजात म्हणालं, "वडिलांच्या छातीत दुखत आहे. श्वास लागत आहे." तो माणूस जागच्या जागी पांढरा पडला. पहिला टप्पा लागला, गाडी लगेच भरली आणि ते गेले. म्हातारा बहुधा वाचला असेल. पण यंत्राचा आवाज त्यालाही ऐकू गेला होता. तोपर्यंत तो काचेतून बाहेरची गंमत बघत होता, आणि मग त्यानं मुलाचा दंड जो धरला तो सोडला नाही.

त्यानंतर हेमराजचा नंबर होता.

"रंजना हेमराज फिरके," यंत्र म्हणालं. "पत्नी. चार्जिंगच्या रांगेत असताना मृत्यू."

निकड अठ्ठ्याऐंशी. पहिला टप्पा. नशीरनं मान दुसरीकडं वळवली. बाजूच्या मुठीपाशी यंत्र कुणाच्या तरी मुलाचं नाव घेत होतं, त्यापलीकडं कुणाच्या तरी भावाचं. स्टेशनची मॅनेजर ज्योत्स्ना राणे खुर्चीत बसून कानात बोळे घालत होती.

"किती वेळा ऐकायचं हो हे, काका," ती म्हणाली. "मला आता सगळ्यांची मेलेली माणसं पाठ झालीत."

हेमराजला वाटलं होतं की चार-आठ खेपांनंतर कान सरावतील. डॉ. कारखानिसांनी त्याचाही विचार केलेला होता. त्याच त्या शब्दांना शरीर दाद देत नाही, म्हणून यंत्र दर वेळी वाक्य बदलायचं. कधी रंजनाचं वय आधी सांगायचं, कधी तारीख. दाखला, मतदारयादी, शाळेची नोंद, जिथून जे मिळेल ते यंत्र जोडून घ्यायचं. धुळ्याला एकदा ते म्हणालं, "रंजना दगडू इंगळे. चिनावल. दहावीत गणितात पहिली." हेमराजला हे माहीतच नव्हतं. बायको गणितात पहिली होती हे त्याला एका चार्जिंग स्टेशननं सांगितलं. ट्रक भरला तरी तो मुठीपाशीच होता. नशीरनं त्याला हाताला धरून वर चढवलं.

तिसरा टप्पा परत कधी आला नाही. ढाब्यावर त्याला जेवण जाईना. नारखेडे मात्र खूश होता. त्यानं पगार वाढवला आणि पेढे पाठवले.

"काका, हे सोडा आता," एका खेपेला नशीर म्हणाला. "मी शेठशी बोलतो. मरून जाल."

"तुला दुसरा हातवाला मिळेल?"

"मिळतात हो. लोक मरायचे थोडेच थांबलेत."

हेमराजनं काम सोडलं. नारखेड्यानं दोनदा घरी येऊन विनवण्या केल्या, तिसऱ्यांदा आला नाही. हेमराज घरी राहू लागला. भाजी आणायची, भात टाकायचा, बातम्या बघायच्या. पुण्याहून मुलाचा फोन यायचा, तो हवेबद्दल आणि पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचा. आईबद्दल बोलायचा नाही. वडिलांना त्रास होईल असं त्याला वाटत असावं. शेजारच्या चौधरीबाई पूर्वी दिवसातून दहा वेळा कुंपणावरून रंजनाला हाक मारायच्या. आता त्या हेमराज अंगणात दिसला की आत जायच्या. सगळे त्याला जपत होते. त्या जपण्यात ते नाव सावद्यातून पुसलं गेलं होतं. हेमराजनं एकदा स्वयंपाकघरात स्वतःच ते म्हणून बघितलं. पण स्वतःचाच आवाज होता, त्यात काही अर्थ नव्हता.

पावसाळ्यानंतर एका दुपारी तो बस पकडून फैजपूरच्या स्टेशनवर गेला. ऊन उतरत होतं आणि रांग लागायला सुरुवात झाली होती. पहिल्या गनपाशी जागा रिकामी होती. तो तिथं गेला आणि त्यानं मूठ धरली. त्याची नोंद अजून कुणी काढलेली नव्हती.

"रंजना हेमराज फिरके," यंत्र म्हणालं. "पत्नी. सावदा. वय त्रेपन्न. पहिला टप्पा. कृपया गाडी जोडा."

हेमराज उभा राहिला.

"कृपया गाडी जोडा," यंत्र म्हणालं.

मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मग आणखी दोघांनी दिला. टेम्पोवाला खाली उतरून पुढं आला.

"ओ बाबा, गाडी कुठंय तुमची?"

"नाही आणली."

"मग काय हात धुवायला आलात का इथं? सरका ना. माझं दूध आहे आत."

हेमराजनं मूठ सोडली नाही. टेम्पोवाल्यानं ज्योत्स्ना राणेला हाक मारली. ती कानातले बोळे काढत आली, तिनं हेमराजला ओळखलं आणि पडदा बघितला.

"काका, असं करू नका ना," ती हळू आवाजात म्हणाली.

"हटवा की त्यांना," टेम्पोवाला म्हणाला.

"पहिल्या टप्प्याचा हात आहे. त्यांनी स्वतः सोडल्याशिवाय ही गन दुसऱ्याला मिळत नाही. मला काही करता येत नाही, आयोगाचा नियम आहे."

"अहो, पण त्यांना गाडीच नाही."

"गाडी हवी ही अट नव्या आदेशात राहिली नाही," ती म्हणाली. "हात हवा."

मागं रांग रस्त्यापर्यंत गेली होती. एका रिक्षात कुणीतरी बाई पोट धरून बसली होती आणि रिक्षावाला तिला काहीतरी सांगून हसवत होता. हेमराजनं ते बघितलं. त्यानं मूठ सोडली आणि तो बाजूला व्हायला वळला. टेम्पोवाला गन घ्यायला पुढं आला, तेवढ्यात हेमराजनं ती पुन्हा धरली. यंत्रानं या वेळी माहेरच्या नावापासून सुरुवात केली.